चुकलेली जागा

“ती इथंच आहे ना, माई?”

आल्या आल्या हाच प्रश्न. ना नमस्कार, ना पाणी. शार्दूलने मोबाईल माईंच्या पुढ्यात धरला. माई वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मी पायरीवर घेवडा निवडत बसले होते. मनात म्हटलं, झालं, आली साडेसाती. मंजिरी आत भाकऱ्या थापत होती, आणि थापण्याचा आवाज एकदम थांबला होता. ती मठात आली तेव्हा तिचा हात कोपरापर्यंत भाजलेला होता. कुणी भाजला ते आम्ही विचारलं नव्हतं.

“कोण ती?” मीच बोलले.

“मंजिरी. घरातून निघून गेलीय. मैत्रिणीला एवढा एक फोटो पाठवला, ‘मी बरी आहे’ म्हणून. हे मागं बघा. डोंगराची कड, कडेवर पवनचक्क्या. उपग्रहाच्या नकाशावर हीच ओळ शोधून काढली. सावलीवरून दिशा सांगणारी साइट असते, तिथं सावली जुळवली. आणि निघाली कुठली जागा? ही! जेवताना मी पाठ टेकतो ती भिंत!” त्याने अंगणाच्या भिंतीवर हात आपटला. “सगळं फुकट मिळतं, माई. फक्त डोकं लागतं. मी सांगितलेली जागा आजवर एकदाही चुकलेली नाही. पण तुम्ही माणूस लपवाल असं वाटलं नव्हतं.”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हाच शार्दूल कितीदा तरी येऊन बसायचा, कानात मंत्र द्या म्हणून हट्ट धरायचा. माई दरवेळी म्हणायच्या, “तुला सगळं सापडतं रे बाळा. माझा काय उपयोग?” आणि जेवू घालून परत पाठवायच्या. तो आज माईंचीच झडती घ्यायला आला होता.

माईंनी वात वळून परडीत ठेवली.

“कुणासाठी शोधतोयस?”

“तिच्या भावासाठी. जयसिंग नाव. आई अंथरुणाला खिळलीय, लेकीच्या नावाचा जप लावलाय. तो खाली टपरीवर गाडी घेऊन थांबलाय. म्हटलं, आधी मी वर जाऊन खात्री करतो.”

“भाऊ कशावरून?”

शार्दूल हसला. “मला विचारता? मी कुणाच्या शब्दावर जात नाही, माई. पुरावा मागितला.”

त्याने दुसरा फोटो उघडला. पाटावर एक गडी बसलेला, डोक्यावर टोपी. समोर मंजिरी, हातात तबक, ओवाळतेय.

“भाऊबीजेचा. मूळ फाईल मागवून घेतली. खाडाखोड पकडणारी साइट असते, तिच्यावर टाकला. ठिपकाही बदललेला नाही. अस्सल आहे.”

माईंनी मोबाईल हातात घेतला. डोळ्यांपासून लांब धरला. बराच वेळ बघत राहिल्या…

“तारीख?”

“अं?”

“फोटोच्या पोटात तारीख असते, असं तूच सांगितलं होतंस मागं.”

“असते ना. ती… एक दिवस आधीची निघाली. त्याच्या मोबाईलचं घड्याळ चुकलं असेल.”

“असेल. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी काय असतं रे?”

“आदल्या दिवशी पाडव…”

तिथंच अडकला. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, भावाची पाळी दुसऱ्या दिवशी. शेंबड्या पोराला विचारा, सांगेल. आणि या शहाण्याने ठिपके तपासले होते!

“घड्याळाची खात्री केलीस?”

“नाही.”

“का?”

शार्दूल खाली बघायला लागला.

“तो रडत होता, माई…”

माईंनी मोबाईल परत दिला. “आता त्याचं तोंड घाल तुझ्या चाळणीत.”

त्याने फोटोतला जयसिंगचा चेहरा कापून शोधायला टाकला. क्षणभर काहीच नाही… मग लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुणाचं तरी पान उघडलं. मुंडावळ्या बांधलेली दोघं. जयसिंग आणि मंजिरी. खाली नावंसुद्धा होती.

शार्दूलने मोबाईल खाली ठेवला.

“मीच त्याला इथवर आणलं…”

दारात मंजिरी येऊन उभी राहिली होती. पिठाच्या हाताने तिने चौकट घट्ट धरली होती. तिचा भाजलेला हात शार्दूलने बघितला, आणि मला त्या क्षणी त्याची दया आली, खोटं कशाला बोलू?

मोबाईल वाजला. जयसिंग.

शार्दूलने माईंकडे पाहिलं. माई वाती वळत होत्या.

“हॅलो… नाही. जागा चुकली… अहो, सांगतो ना. इथली कड वेगळी आहे, पवनचक्क्याही जुळत नाहीत… वर येऊन काय करणार? म्हाताऱ्या बायका आहेत नुसत्या… हो, म्हणालो होतो मी तसं. आज चुकली.”

पलीकडच्या शिव्या मला पायरीवर ऐकू आल्या. मी उठून अंगणाच्या भिंतीपाशी गेले, तिथून खालची टपरी दिसते. असल्या माणसाचा काय भरवसा? गाडी सुरू झाली, उतरली, शेवटच्या वळणाआड गेली. तरी मी तिथंच उभी राहिले. धूळ बसली तेव्हा माघारी आले.

शार्दूल मान खाली घालून बसला होता.

“माई, माझी जागा आजवर कधी चुकली नव्हती.”

आत भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला…

माईंनी परडी बाजूला सारली.

“ये. कान इकडे कर.”