पावसाळी चपला

आमच्या आरोग्य केंद्राच्या रुग्णवाहिकेचे टायर पार गुळगुळीत झाले होते. झीज कळावी म्हणून खाचांमध्ये दिलेल्या पट्ट्यासुद्धा रस्त्याला टेकल्या होत्या. मागच्या पावसात याच टायरांवर गाडी घाटात घसरली आणि आतली बाळंतीण गेली. तरी वाहन अधिकारी इनामदार म्हणाले, "टायर फुटलेत का? मग बदलायचे कशाला?"

रोहिणी सिस्टरनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. "साहेब, तुमच्या चामड्याच्या चपला फाटल्या का?"

"नाही. पावसात घसरायला होतं, म्हणून या पावसाळी घेतल्या."

"तुम्हाला ऑफिसच्या चार पायऱ्या चढायच्या, साहेब. आम्हाला अडलेली बाई घेऊन घाट उतरायचा असतो."

साहेबांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

पावसाळा सरत आला, टायर आलेले नाहीत. साहेब मात्र एकदाही घसरलेले नाहीत.