बुजवलेला खड्डा

एका गावात रंगनाथ नावाचा विणकर राहत होता. त्याचा धाकटा भाऊ दामू मोठा कसबी. हातमागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसला, की त्याने विणलेला लुगड्याचा काठ नुसता बघत राहावा.

एक दिवस विणता विणता दामूने हातातला धोटा खाली ठेवला. "दादा, खड्ड्यातून कुणीतरी हाका मारतंय," तो म्हणाला. मग तो जेवेना, झोपेना, एकटाच बोलत बसे.

विणकराच्या घरात बऱ्यावाईटाचं खापर मागावरच फुटायचं! मागालाच बाधा झाली, असे रंगनाथने ठरवले. त्याने मागापुढे नारळ फोडला, लिंबं उतरून टाकली. माग खड्ड्यावरून उचलून ओसरीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, तर हाका तिथेही आल्या. शेवटी त्याने आजोबांच्या हातचा तो माग मोडून लाकडं चुलीत घातली आणि खड्डा मुरमाने बुजवला. कुणी विचारले, तर सांगे, "दामू मामाकडे गेलाय." दामू मात्र आतल्या खोलीत कडीबंद होता. पहारा करून करून रंगनाथ पार पिचला. सुटावं एकदा यातून, असे त्याला वाटे. आणि मग स्वतःचीच शरम वाटे.

एका सकाळी कडी लावायची राहिली. दामू विहिरीच्या काठावर सापडला. "खालून बोलावतायत," तो म्हणाला. रंगनाथने त्याला घट्ट धरले आणि काठापासून मागे ओढले.

मागून धावत आलेली त्याची बायको सुभद्रा म्हणाली, "अहो, विहिरीत कुठला आलाय माग? मागाची फणी मोडली की कारागीर बोलावता, तेव्हा लाज वाटत नाही. भाऊजींच्याच वेळी कसली लाज?"

त्याच दिवशी तिघे तालुक्याला मनाच्या आजारांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले. "हा आजार आहे, याला औषध आहे," ते म्हणाले. "बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं औषध बंद करू नका. आणि तुम्ही स्वतः शेवटचं नीट कधी झोपलात?" रंगनाथला रडू फुटले.

औषधाला गुण यायला महिने लागले. हाका पुरत्या गेल्या नाहीत, पण बारीक झाल्या. एक दिवस दामू ओसरीवर आला.

"दादा, माग कुठंय?"

"जाळला मी," रंगनाथ म्हणाला. "त्याचा काही दोष नव्हता रे. तुझाही नव्हता."

दामूने कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि नव्या मागासाठी खड्ड्यातला मुरूम उकरायला घेतला.

तात्पर्य: मनाचा आजार ही बाधाही नव्हे आणि बेअब्रूही नव्हे, तो लपवून घरदार झिजवण्यापेक्षा वेळीच डॉक्टरांकडे जावे, आणि सांभाळणाऱ्यानेही सगळा भार एकट्याने वाहू नये.