कालवांच्या खडकावरची तांबोशी

खाडीच्या काठी, जिथे हिरवीगार कांदळाची झाडं पाण्यात पाय सोडून बसतात, तिथे रेवू नावाची एक मुलगी राहायची. त्या दिवशी मात्र तिला एका जागी बसवत नव्हतं. इकडून तिकडे, तिकडून इकडे तिची येरझार चालली होती. कारण उद्या तांबोशीची शर्यत होती!

तांबोशी म्हणजे लालचुटुक, चकचकीत खवल्यांचा मासा. जो कुणी गळाने सगळ्यात मोठी तांबोशी धरील, त्याला गावातर्फे नवीकोरी, निळी-पिवळी होडी मिळणार होती. बाकीचे लोक आपापल्या होड्यांतून आठवडाभर खाडी धुंडाळत होते. मासा कुठे दडतो ते त्यांनी केव्हाच हेरून ठेवलं होतं. रेवूकडे होडी कुठली? तिच्याकडे एक गळ होता आणि एक ठिगळाचा परकर.

होडी तिला आईसाठी हवी होती. आई रोज पाण्यात उतरून खडकाच्या कडेची कालवं काढायची. कालवांच्या शिंपल्यांना सुरीसारखी धार असते. आई घरी यायची ती लंगडतच. आपली होडी असती, तर तिला पाण्यात उतरावंच लागलं नसतं. पण ती मिळणार कशी? 

शेवटी ती गुडघाभर पाण्यात शिरलीच. तांबोशी शोधायची म्हणे! पण एवढ्या धांदलीत कुणाला मासा दिसतो का? पायाखालचा चिखल ढवळला आणि सगळं पाणी चहासारखं झालं. रेवूला रडू यायला लागलं.

तेवढ्यात इवलासा आवाज आला, "गो बाय, माका सोडव गो!"

कांदळाच्या मुळांत फाटक्या जाळ्याचा गुंता अडकला होता आणि त्या गुंत्यात एक परी अडकली होती. बोटाएवढी! तिचे चिमुकले पंख कधी गुलाबी दिसत, तर कधी मोरपिशी. ऊन उतरायला लागलं होतं, मासा अजून सापडला नव्हता. तरी रेवू खाली बसली आणि तिने एकेक गाठ दातांनी सोडवली.

परी फुर्रकन उडाली आणि तिच्या नाकासमोर तरंगू लागली. "तीन गोष्टी माग. पण मागताना 'माका' म्हणायचा नाय, 'माझा' म्हणायचा नाय. म्हटलंस तर ती मागणी फुकट गेली!"

"माका मोठी तांबोशी दिसांदे!" रेवू घाईघाईने बोलून गेली.

बुडबुड बुडबुड! पाणी आणखीच गढूळ झालं. परी खुदकन हसली. रेवूने जीभ चावली, मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "सगळ्यात मोठी तांबोशी खंय आसा, ता दिसांदे."

आणि काय सांगू! सगळी खाडी काचेसारखी स्वच्छ झाली. सोनेरी वाळू दिसली, चंदेरी कोळंब्या दिसल्या. पलीकडे कालवांचा मोठा खडक होता. त्याच्या मधोमध निळसर डोहात ती होती, रेवूच्या हाताएवढी लांब, माणकासारखी लाल! पण त्या खडकावर होडी चढत नाही. अनवाणी माणूस तर तिथे पाऊलही टाकत नाही.

रेवूच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. 'माका' म्हणायचं नाही ना? मग नाव घ्यावं! "रेवूच्या गळाक उद्या ती तांबोशी..."

ती मध्येच थांबली. खडकाच्या कडेला तिला पाय दिसले. गढूळ पाण्यात ते कधी कुणाला दिसलेच नव्हते. आईचे पाय! चिरलेले, भेगाळलेले. शेजारी, आईबरोबर कालवं काढणाऱ्या सखूमावशीचे, अंगठ्याला चिंधी बांधलेले. त्यांच्यापुढे आणखी कितीतरी बायकांचे. होडी मिळाली तर एकटी आई वर येईल. बाकीच्यांचं काय?

रेवूला फार वाईट वाटलं. होडी हवीच होती, अगदी हवीच होती. तिने डोळे गच्च मिटले.

"खाडीत उतरतत त्या सगळ्यांच्या पायांक कालवांची धार लागू नको."

"बघ हां," परी हळूच म्हणाली, "ह्या शेवटचा."

"होय," रेवू म्हणाली आणि हुंदके देत घरी पळाली.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला शर्यत सुरू झाली. होड्या सगळीकडे फिरल्या, पण बोटभर तांबोश्यांपलीकडे कुणाला काही मिळेना. रेवू काठावर चुळबुळत उभी होती. एवढ्यात सखूमावशीची आरोळी आली, "रेवू! गो, हंय ये! पायाक काय टोचणा नाय!"

सगळ्या बायका चक्क खडकावर उभ्या होत्या. कुणाच्या पायाला साधा ओरखडा नव्हता. रेवू बघतच राहिली आणि मग तिच्या लक्षात आलं. गळ उचलून ती धावली! कालवांवरून, जणू मऊ वाळूवरून, थेट मधल्या डोहापर्यंत. तिने गळ टाकला. हिसका बसला. बायकांनी मागून तिची कंबर धरली आणि ती लालबुंद तांबोशी उसळी मारत बाहेर आली.

तिच्याएवढा मासा कुणाकडेच नव्हता. निळी-पिवळी होडी रेवूला मिळाली.

तिने आईला हात धरून होडीत बसवलं. होडीच्या टोकावर परी उभी होती. रेवूला तिने टाटा केला, एक गिरकी घेतली आणि गुलाबी, मोरपिशी, सोनेरी उजेड पाण्यावर सांडून ती नाहीशी झाली. आईने वल्हं हातात घेतलं आणि तिला रडूच कोसळलं. रेवूलाही रडू आलं.

मग आईने पदराने डोळे पुसले आणि होडी खडकाकडे वळवली.

"चल," ती म्हणाली, "आधी सखूक घेवया."