दोन बोटं लोखंड

"दोन बोटं लोखंड खाल्लंस तू!" राजे धुळोजीराव भर दरबारात गरजले.

समोर केरबा सुतार हात जोडून उभा होता. त्याची लेक भिवरा मात्र महाराजांच्या हातातली पटाशी बघत होती. दोन वर्षांपूर्वी वाड्याच्या कोठीतून झोपाळा कोरायला दिली, तेव्हा पातं दहा बोटं होतं. आज मोजलं तर आठ!

"खाल्लं नाही, महाराज. धार लावताना झिजलं," भिवरा म्हणाली.

"मला शिकवतेस?" महाराजांचं असं होतं, की तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायचा म्हणजे स्वतःचा दात उपटून देणं. "झोपाळ्याचे उरलेले चार मोर महिनाभरात कोरा. पण पटाशी आणखी केसभर जरी झिजली, तर केरबाची हत्यारांची पेटी कोठीत जमा! पुन्हा त्यानं लाकडाला हात लावायचा नाही!"

सागवानात मोर कोरायचे आणि पटाशीला धारेचा दगड दाखवायचा नाही! बोथट पटाशी लाकूड कापत नाही, फाडते. मोराच्या पिसाऱ्याचं कोंबडीचं शेपूट होतं.

भिवरानं हात जोडले. "हुकूम मान्य. पण हा नियम वाड्यातल्या सगळ्याच पात्यांना लावा. नाहीतर लोक म्हणतील, महाराज एकट्या सुतारावरच रुसले."

"मी रुसत नसतो!" महाराज रुसून म्हणाले. "दिवाणजी, दवंडी पिटा. आजपासून वाड्यातलं एकही पातं दगडाला लागणार नाही!"

बाहेर येताच केरबानं कपाळाला हात लावला. "पोरी, काय करून बसलीस?"

"आबा, पटाशी फडक्यात गुंडाळून ठेवा. महाराजांची दाढी वाढते तशी वाढू द्या."

तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी मुदपाकखान्यात एक भोपळा चिरायला तिघं विळीला लटकले. "भोपळाच मेला हट्टी!" महाराज म्हणाले. आठव्या सकाळी बाळोबा न्हावी दाढी करायला आला. मोराचं चित्र दाखवायच्या निमित्तानं भिवराही तिथं येऊन उभी राहिली.

एक गाल कसाबसा झाला. दुसऱ्या गालावर वस्तरा बोटभर सरकला आणि महाराज हातभर उडाले.

"अरे, दाढी करतोस की शेत नांगरतोस?"

"नांगराला तरी धार असते, महाराज."

"मग लाव की धार!"

"लावतो. पण वस्तरा झिजेल ना!"

"झिजू दे! लोखंडच ते! गाल काय माझा परत उगवणार आहे?"

भिवरा पुढं झाली. "मग लोखंड झिजलं तर चालतं, असा हुकूम समजू का? महाराजांचा गाल तर वाचला. आमचे चार मोर अजून दाढीला बसायचेत!"

महाराज अर्ध्या दाढीनिशी सावरून बसले. पण हट्ट सहजी सुटतो थोडाच! "ते असू दे. माझी दोन बोटं गेली कुठं?"

"ती तर महाराज रोज बुडाखाली घेऊन बसतात! वर्षभर झोपाळ्यावर बसताय. एकदा तरी कुसळ टोचलं?"

बाळोबानं डोळे मिटून घेतले. महाराज आधी लाल झाले, मग असे हसले की तोंडावरचा फेस दिवाणजींच्या पगडीवर उडाला.

"पेटी केरबाचीच! आणि कोठीत शंभर पटाश्या आहेत, हवी ती उचल!"

सगळे तसेच कोठीत गेले. हस्तिदंती मुठीच्या, चांदीच्या मुठीच्या पटाश्या ओलांडून भिवरानं कोपऱ्यातली चार बोटं उरलेली, काळपट पटाशी उचलली.

"अगं, ती खुंटी! चांदीची घे!"

"ती घडवली तेव्हा होती तेवढीच लांब आहे, महाराज. वाईट लोखंडावर कुणी दगड झिजवत बसत नाही. ही एवढीशी उरली, म्हणजे हिला किती सुतारांनी जीव लावला असेल बघा!"

महाराजांना पुन्हा हसू फुटलं. "दिवाणजी, हिला ही खुंटी द्या, वर चांदीची मूठ द्या, आणि धारेचा नवा दगड द्या. पण थांबा! तो दगड आधी बाळोबाकडे. माझी अर्धी दाढी अजून बाकी आहे!"