अण्णांचं अर्धं वाक्य

“आणि मी काम पक्कं करायला गेलो, यात माझं चुकलं काय, बुवा?”

लिंबाजीबुवा चिंचा फोडत बसले होते. त्यांनी एक चिंचोका उडवला. तो जाऊन पद्माकरच्या इस्त्रीच्या पँटला चिकटला.

“पक्कं म्हंजी कसं?”

“कायद्याप्रमाणे.”

“मग चुकंल कसं? कायदाच हाय की.”

म्हातारा चेष्टा करतोय हे पद्माकरला कळत होतं. ओढ्यापलीकडच्या या मठात कुणीही येवो, बुवा आधी त्याची टोपी उडवायचे आणि मग पाणी विचारायचे.

पण पद्माकर हेर्लेकर म्हणजे काही ऐरागैरा नव्हे. जिल्हा कोर्टात मृत्युपत्रं शाबीत करून घ्यायचं जे खातं, तिथला तो अधीक्षक. जज्जसाहेब बसायचे वरती, पण त्यांच्यापर्यंत जाणारा प्रत्येक कागद आधी जायचा पद्माकरच्या चष्म्याखालून. मयतानं सही केली ती साक्षीदारांनी डोळ्यांनी पाहिली का? मयत शुद्धीवर होता का? डॉक्टरचा दाखला कुठाय? कुठं एवढीशी खोट निघाली की कागद परत. मग समोर विधवा डोळ्याला पदर लावून उभी राहो, नाहीतर वकील पाय आपटो. हाताखालचे कारकून म्हणायचे, मेल्यावरसुद्धा माणसाची हेर्लेकरसाहेबांच्या टेबलावरून सुटका नाही.

हे कानावर आलं की त्याला आतून गुदगुल्या व्हायच्या.

व्हायच्या... आता नाही.

“बाप कसा गेला ते नीट सांग,” बुवा म्हणाले.

“दुपारी गेले. घरात मी एकटाच होतो. सकाळपासून अण्णा बोलत नव्हते. एकदम डोळे उघडले. माझ्याकडं बघून म्हणाले, पदू... शशीला...”

“शशी कोन?”

“माझी बहीण. तिनं जातीबाहेर लग्न केलं, कुणाला न विचारता. त्या दिवसापासून अण्णांनी तिचं नाव टाकलं. कुणी चुकून काढलं तर भरल्या ताटावरून उठायचे. आणि त्या दुपारी आपणहून...”

“बरं. फुडं काय म्हनला?”

पद्माकर पँटवरचा चिंचोका नखानं खरवडू लागला.

“फुडं काय म्हनला रं?”

“मी म्हणालो, अण्णा, जरा थांबा.”

बुवांचा हात चिंचेवरच राहिला.

“मला वाटलं, तिला घरात हिस्सा द्यायचाय. नुसतं माझ्या कानात सांगून काय उपयोग? दोन साक्षीदार तरी पाहिजेत. धावत गेलो. शेजारच्या उपाध्ये सरांना झोपेतून उठवलं. चौकातून डॉक्टरांना आणलं, म्हणजे साक्षही झाली आणि शुद्धीवर असल्याचा दाखलाही. उद्या कुणी हरकत घ्यायला नको.”

“हरकत कोन घेनार हुतं?”

“वारस घेतात की.”

“वारस किती?”

“शशी... आणि मी.”

“मग? ती घेनार हुती?”

पद्माकरनं चष्मा काढला. पुसला. परत घातला.

“तिघं दारात पोचलो,” तो म्हणाला. “अण्णा गेले होते. तोंड उघडंच होतं, बुवा.”

...

“ती आल्ती का?”

“दहाव्याला आली. फाटकापाशी उभी राहिली, आत येईना. एवढंच विचारलं, दादा, अण्णांनी माझं नाव घेतलं का रे? मी म्हणालो, घेतलं. तिचा चेहरा असा उजळला... लहानपणी जत्रेला जायचं म्हटलं की उजळायचा तसा. मग म्हणाली, काय म्हणाले?”

“तू काय सांगितलंस?”

“खरं तेच. म्हटलं, ठाऊक नाही, मी साक्षीदार आणायला गेलो होतो.”

बुवा हसले नाहीत.

“पदर सावरला आणि निघून गेली. आता फोन उचलत नाही. तिला वाटतं मी दडवतोय. घरासाठी.” पद्माकर पुढं सरकला. “बुवा, तुम्हाला माणसाच्या पोटातलं कळतं म्हणतात. अण्णांना काय म्हणायचं असेल? शशीला बोलाव? शशीला माफ केलं? की शशीला घराची पायरी चढू देऊ नकोस? काहीही असू दे. एकदा सांगा. मी तिला जाऊन सांगतो, म्हणजे सुटलो.”

बुवांनी त्याच्याकडं पाहिलं.

मग त्यांच्या हातातली चिंच गळाली. हात छातीवर गेला. मान कलली, आणि म्हातारा घोंगडीवर आडवा झाला.

“पद्माकरा... हितं ये... तुला...”

“बुवा! बोलू नका! थांबा जरा, आलोच मी!”

पद्माकर अनवाणी पळाला. ओढ्याकाठी एक जण शेळ्या राखत होता, त्याचा दंड धरला. मठाच्या मागं एक जण मोळी उतरवत होता, त्यालाही ओढला. दोघांना फरफटत आत घेऊन आला.

बुवा मांडी घालून बसले होते. चिंच चोखत.

पद्माकरनं दोघांचे दंड सोडले.

“किती मानसं आनलीस?” बुवांनी विचारलं.

“काय?”

“मोज की.”

पद्माकरनं मागं वळून पाहिलं.

मोळीवाला धापा टाकत होता. “बुवा, ह्या सायबाचं डोस्कं ठिकानावर हाय न्हवं? तुमी मरायला टेकलाय म्हंतंय, आन् पळता पळता मला इचारतंय, सही करता येती का!”

“मला बी इचारलं,” शेळीवाला खिदळला. “म्या म्हनलं, अंगठा चालंल का?”

“चालंल म्हनला?”

“व्हय! म्हनला, चालंल, पर नीट उठला पायजे!”

बुवा असे हसले की त्यांना ठसका लागला. दोघंही पोट धरून हसले. हसता हसता बुवांची नजर पद्माकरच्या तोंडावर गेली.

“जावा रं तुमी,” ते हळूच म्हणाले. “शेळ्या बघा.”

दोघं गेले.

पद्माकर उंबऱ्यावर बसला. तळव्यात काटा मोडला होता, रक्त आलं होतं. त्यानं नुसतं बघितलं.

“तुम्ही काय सांगणार होता?” त्यानं विचारलं.

“कवा?”

“आत्ता. ‘तुला’ म्हणालात.”

“हुतं कायतरी.”

“मग सांगा ना.”

“आता कुठलं? तू गेलास न्हवं.”

...

ओढ्याकडून शेळ्यांचं बें बें ऐकू येत होतं. पद्माकरचा खालचा ओठ थरथरला. टेबलापुढं उभ्या असलेल्या बायकांचा थरथरायचा, आणि तो म्हणायचा, बाई, रडून कागद पुरा होत नाही.

“गेलो,” तो म्हणाला. “ते बोलत होते आणि मी उठून गेलो.”

एवढंच वाक्य. पुढं साक्षीदारांचं काही त्यानं जोडलं नाही. घरी नाही, फाटकाशी नाही, असं नुसतं ते त्याच्या तोंडून कधी निघालंच नव्हतं.

बुवांनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला. पद्माकर घटाघटा प्यायला, तोंड पुसलं, चष्मा सारखा केला. आणि जरा धीर आल्यासारखा बोलू लागला.

“उद्या मिरजेला जातो. तिच्या घरी. पहिल्यांदाच. आत घेतलं नाही तर दारात बसतो.”

“बस.”

“आणि उपाध्ये सर बरोबर येतो म्हणालेत. डॉक्टरांनाही विचारतो, ते नाही म्हणायचे नाहीत. अण्णा कसे होते ते दोघांनी पाहिलंय. त्या दोघांनी तिच्यासमोर सांगितलं ना, की तिचा विश्वास...”

बुवांनी चिंचेनं चिकट झालेला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि दाबून धरला.

“एकटा जा.”