कौतिकाची हजेरी

वकील न करता आपली बाजू आपणच मांडायची, तर तारखेला हजर राहणंही आपल्याच अंगावर येतं, ठाऊक आहे ना तुम्हाला?

तुरुंगातल्या कौतिकाने बालगृहातल्या लेकीला भेटण्यासाठी असाच स्वतः अर्ज केला होता. पण तारखेला तिला न्यायला पोलीसगाडीच आली नाही. पुढच्या तारखेला सरकारी वकील गरजले, "बाई मागच्या वेळी आलीच नाही, अर्ज फेटाळा! लेकीची एवढी ओढ होती, तर यायचं होतं चालत!"

कौतिकाने हात जोडले. "आले असते की, वकीलसाहेब. पण मग तुम्हीच मला तुरुंगातून पळाले म्हणून इथं उभं केलं असतं."

न्यायाधीशबाईंना हसू आवरेना. त्यांनी तिथल्या तिथे अर्ज मंजूर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीसगाडी वेळेवर आली, आणि थोड्याच वेळात कौतिका बालगृहाच्या ओट्यावर लेकीची वेणी घालत बसली होती.