रिकाम्या देवळात लावलेला सूर

“तुम्हीच सांगाल का त्यांना, मास्तर?”

“काय सांगू?”

“घरी जा म्हणून.”

बावतीस मास्तरांनी काठी बाकाला टेकवली आणि सावकाश बसले. इनास उभाच राहिला.

बाहेर भेंडीच्या झाडाच्या सावलीत आमच्या देवळाचं, म्हणजे चर्चचं, गायनमंडळ ताटकळत होतं. तीस माणसं. भाजीवाल्या, रिक्षावाले, दोन निवृत्त शिक्षक. वर्षभर दर रविवारी तालीम केलेली.

इनास आमच्याच गावचा. सूर मास्तरांकडे शिकला, मग सात वर्षं परदेशात राहून संगीतात मोठा झाला. परत आला तो एक ध्यास घेऊन. अडीचशे वर्षांपूर्वीची एक प्रार्थना, त्या काळच्या वाद्यांवर, आपल्या गावाच्या गळ्यातून रेकॉर्ड करायची. प्रार्थना सहा मिनिटांची. देवाकडे शांती मागणारी.

वाद्यं त्यानं कुठून कुठून जमवली होती. लाकडी बासऱ्या, कळा नसलेली शिंगं. व्हायोलिनना पोलादी तारा नाहीत, बकऱ्याच्या आतड्याची तात. ती वाजवणारी माणसं दुरून आलेली. चार वाजता त्यांची गाडी होती. पुन्हा ती एकत्र सापडतील याची खात्री नव्हती.

हा तिसरा दिवस. एकदाही प्रार्थना शेवटपर्यंत धड गेली नव्हती.

“वाद्यं आज घेतो,” इनास म्हणाला. “आवाज नंतर शहरात भरतो. आठ गाणारे ठरवलेत. शिकलेले.”

“आणि हे?”

इनासनं दाराकडे पाठ केली. घड्याळ पाहिलं.

“त्यांचा सूर घसरतो, मास्तर. मी तरी काय करू? सुरुवातीला सगळं जुळतं. चौथ्या मिनिटाला वाद्यं एकीकडे, माणसं एकीकडे.”

“मग?”

“मग सगळ्यांना बाहेर काढतो. वाद्यं नव्यानं लावतो. पुन्हा आत घेतो.”

“रिकाम्या देवळात लावतोस?”

“हो. कुजबुज नको, खोकला नको.”

मास्तरांनी बंद खिडक्यांकडे पाहिलं.

पंखे बंद होते, आवाज येतो म्हणून. देवळाची उघडझाप माझ्याकडे, म्हणून खिडक्याही मीच लावून घेतल्या होत्या. एप्रिलचा उकाडा. इनासच्या सदऱ्याची पाठ भिजलेली, पण हात मात्र गारठल्यासारखे एकमेकांवर चोळत होता.

मास्तरांनी हात पुढे केला.

“चष्मा दे तुझा.”

त्यानं दिला. मास्तरांनी काचेवर हळूच एक फुंकर घातली. तोंड उघडं ठेवून, थंडीत हातावर घालतो तशी.

काच वाफेनं धुरकटली.

“घाल.”

इनासनं चष्मा घातला. त्याला काही दिसेना. त्यानं तो काढला आणि तिथेच काचेकडे बघत राहिला... मग व्हायोलिनकडे बघितलं. मग दाराकडे.

“तीस माणसांची वाफ...” तो पुटपुटला.

“आत बोलाव त्यांना,” मास्तर म्हणाले. “गाऊ नका म्हणावं. नुसतं बसा.”

“किती वेळ?”

“बसू दे.”

“मास्तर, एक वाजून गेलाय!”

“ऐकलं मी. घंटा मोठी आहे आपली.”

मंडळी आत आली. आपापल्या जागी बसली. मी दार लावून घेतलं. कुणी बोलेना. तीस माणसं नुसती श्वास घेत होती.

दहा मिनिटं गेली.

इनास वेदीपासून दारापर्यंत चालला. दारापासून वेदीपर्यंत आला. रेकॉर्डिंगवाले ढवळे कानावरचे हेडफोन काढून त्याच्याकडे बघत होते. त्यानं नजर चुकवली.

कोन्सूमावशीला राहवेना. ती पहिल्या रांगेतली, वय सत्तर.

“मास्तर, गायचं नाही, बोलायचं नाही. लोणच्यासारखं मुरत घातलंय का आम्हांला?”

“होय,” मास्तर म्हणाले.

पुरुषांच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. इनास हसला नाही.

व्हायोलिनवाली शिरीन, पुण्याची, तिनं तात छेडून पाहिली. कपाळाला आठी पडली.

“सर, सूर सरकतोय. लावून घेऊ?”

इनासनं मास्तरांकडे पाहिलं.

“सरकू दे,” मास्तर म्हणाले.

आणखी अर्धा तास. देवळातली हवा जड झाली होती. गळ्याशी ओल जाणवत होती. दोन वाजायला आले. इनासचा चेहरा असा झाला होता, की मला वाटलं, पाणी द्यावं. दिलं. त्यानं भांडं हातात घेतलं आणि प्यायचं विसरला.

“वाया गेला दिवस तर?” तो अगदी हळू म्हणाला. “मास्तर, वाया गेला तर मी कुणाला तोंड दाखवू?”

मास्तरांनी शिरीनकडे बोट केलं.

शिरीननं पुन्हा तात छेडली. थांबून पुन्हा छेडली. मग मान वर केली.

“थांबलाय, सर. आता सरकत नाहीये.”

“आता लावा,” मास्तर म्हणाले.

बासऱ्या तेवढा वेळ वादकांनी कुशीत धरून ऊब दिली होती. सगळी वाद्यं लागली. मंडळी उभी राहिली. इनासनं मास्तरांसाठी ढवळ्यांशेजारी खुर्ची ठेवली होती.

“तुम्ही इथं बसा. तुमच्यासारखा कान कुणाचा नाही. कुठे चुकलं तेवढं सांगा मला.”

मास्तर बसले. लाल दिवा लागला. इनासनं हात वर केला.

पहिलं मिनिट गेलं. दुसरं...

तिसऱ्या मिनिटाला मास्तर उठले. काठी तिथेच ठेवून भिंतीला धरत पुरुषांच्या रांगेत गेले, आणि गाऊ लागले. एक्याऐंशी वर्षांचा आवाज, कडेला फाटलेला.

इनासचे डोळे मोठे झाले. थांबवायचं तर सगळंच थांबवावं लागणार होतं. त्याचा हात चालत राहिला.

चौथं मिनिट. पाचवं...

शेवटचा सूर छताला लागून विरला. कुणी हललं नाही. ढवळ्यांनी बोटानं खूण केल्यावर शिरीननं तात छेडली. सूर होता तिथेच होता.

कोन्सूमावशीनं पदरानं तोंड पुसलं.

“आता जायचं का आम्ही घरी?” ती म्हणाली. म्हणजे तिला सगळं कळलं होतं.

इनासनं नुसती मान हलवली. नाही म्हणून.

मग तो रांगा ओलांडत मास्तरांपाशी आला. त्यांचा कोपर धरला. अजून धास्तावलेलाच होता.

“मास्तर... खरं सांगा. कसं झालं?”

“मला काय विचारतोस?” मास्तर म्हणाले. “मी गात होतो.”